दोन हवांची शीव

मे महिन्यात आमच्या गच्चीवर कुरडयांचं वाळवण असायचं. दुपारी साडेतीन-चारला अंगाची लाही लाही होत असायची, झाडाचं पान हलत नसायचं. पूर्वेला आभाळ काळवंडलेलं दिसायचं, पण लांब. आणि मग एकाएकी धुळीचा लोट उठायचा, दारं आपटायची आणि वाऱ्याचा पहिला झोत अंगावर आला की आई खालून ओरडायची, “गार वारा सुटला, कुरडया उचला!” पाऊस अजून पाच-दहा मिनिटं लांब असायचा. तेवढ्यात जुन्या साडीची चार टोकं धरून सगळं वाळवण जिन्यात यायचं.

त्या क्षणी गच्चीवरून नेमकं काय पुढे गेलं?

काही किलोमीटरवर वळवाच्या ढगातून पाऊस पडायला लागलेला असतो. त्यातले बरेच थेंब जमिनीपर्यंत पोचायच्या आतच सुकतात. घामाला वारा लागला की अंग गार पडतं, तशीच थेंब सुकताना भोवतालची हवा गार पडते. गार हवा जड. ती ढगाखाली कोसळते आणि फरशीवर बादली उपडी करावी तशी चहूकडे पसरते. फरशीवर पसरणाऱ्या पाण्याला पुढे एक फुगीर कड असते ना, तशीच कड या गार हवेलाही असते. ती पुढे घुसताना समोरची तापलेली हवा उचलून वर ढकलते, आणि कधी कधी तिथेच नवा ढग उभा राहतो. आईला लागलेला पहिला झोत म्हणजे ती कड. १३ मे २०२४ला दुपारी मुंबईवर असाच वादळी वारा धुळीचा पडदा घेऊन चालून आला. घाटकोपरला पेट्रोल पंपावर अवाढव्य होर्डिंग कोसळलं आणि १७ माणसं गेली. वळवाची ही कड लहान असते, पण तिच्यात केवढा जोर असतो ते त्या दिवशी दिसलं.

हीच कड हजार-दीड हजार किलोमीटर लांबीची आहे आणि गार हवेचा साठा एका ढगाखालचा नसून अख्ख्या कॅनडावरचा किंवा सैबेरियावरचा आहे, अशी कल्पना करा. हवामानशास्त्रात तिला आघाडी म्हणतात. आपल्या भूगोलाच्या पुस्तकांत उष्ण आघाडी, शीत आघाडी असे शब्द येतात. आपण ते परीक्षेपुरते पाठ करतो आणि सोडून देतो, कारण आपल्या डोक्यावरून त्या फारशा जात नाहीत. पण ज्यांची मुलं शिकागो, टोरांटो, लंडन किंवा मेलबर्नला आहेत, त्यांनी तिथल्या टीव्हीवरचा नकाशा पाहिला असेल: त्रिकोणांची निळी रेघ म्हणजे शीत आघाडी, अर्धगोलांची लाल रेघ म्हणजे उष्ण आघाडी. त्रिकोण किंवा अर्धगोल ज्या बाजूला, त्या बाजूला आघाडी सरकते. मला स्वतःला ‘शीव’ हा शब्द जवळचा वाटतो. दोन गावांच्या मध्ये शीव असते तशी ही दोन हवांच्या मधली. फरक एवढाच की ही शीव चालते.

आधी वजनाचं बघू, कारण सगळं तिथून सुरू होतं. हवेला वजन असतं हे आपल्याला माहीत असतं, पण किती, याचा अंदाज नसतो. दहा बाय दहाची खोली घ्या, उंचीही दहा फूट. समुद्रसपाटीवर त्या खोलीत शून्य अंशाची हवा भरली तर तिचं वजन ३६ किलोच्या आसपास भरतं. तीच खोली ३० अंशांच्या हवेने भरली तर साधारण ३३ किलो. खोलीमागे तीन किलोचा फरक! आता अशा अब्जावधी खोल्या शेजारी शेजारी रचल्या आहेत आणि मध्ये भिंत नाही, असं डोळ्यांपुढे आणा. जड बाजू हलक्या बाजूच्या खाली घुसणारच. फ्रीजचं दार उघडल्यावर गारवा आधी पायांना लागतो तो याच कारणाने.

पण दोन हवा एकमेकींत मिसळून का जात नाहीत? मिसळतात, फार सावकाश. कॅनडाच्या बर्फाळ मैदानावर हवा आठवडाभर पडून राहिली की ती तळापासून गार आणि कोरडी होते. मेक्सिकोच्या आखातावर राहिलेली हवा उबदार आणि दमट होते. हवा ज्या गावाला राहते त्या गावची होते. अशा एकसारख्या गुणाच्या हवेच्या प्रचंड साठ्याला वायुराशी म्हणतात. दोन वायुराशींच्या मध्ये सुरुवातीला रेघ नसते. हजार किलोमीटर चालत गेलात तर तापमान हळूहळू बदलत जाईल. मग कुठेतरी कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं आणि वारे दोन्हीकडून एकाच पट्ट्याकडे वाहू लागतात. सतरंजी दोन्ही बाजूंनी मध्ये सारली की तिच्यावरचे लांब लांब असलेले पट्टे जवळ येतात, तसे तापमानाचे पट्टे जवळ जवळ येत जातात. जो फरक हजार किलोमीटरवर पसरला होता तो शंभर किलोमीटरमध्ये आवळला जातो. आघाडी तयार होते ती अशी. म्हणून नकाशावरची बारीक रेघ थोडी फसवी असते. प्रत्यक्षात तो पट्टा असतो, कधी पन्नास किलोमीटर रुंद, कधी दोनशे.

शिवाय ही शीव जमिनीत रोवलेल्या भिंतीसारखी उभी नसते, तिरकी असते. जड हवा पाचरीसारखी हलक्या हवेखाली शिरलेली असते. पृथ्वी फिरत नसती तर ही पाचर वळवाच्या गार हवेसारखी सपाट पसरून संपली असती. पृथ्वीच्या परिवलनामुळे वाहणारा वारा वळतो, त्यामुळे पाचर कोसळत नाही, दिवसेंदिवस तिरकी टिकून राहते. उतार मात्र आपल्या कल्पनेपेक्षा कितीतरी पसरट असतो. उष्ण आघाडीत दर २०० किलोमीटरला जेमतेम एक किलोमीटर चढ. घटकाभर समजा की अशी आघाडी जमिनीवर पुण्याला टेकली आहे आणि नागपूरकडे सरकते आहे. नागपूरकर अंगणात थंडीत उभे असतील, पण त्यांच्या डोक्यावर तीन किलोमीटरवर उबदार हवा आधीच पोचलेली असेल. शीत आघाडीचा उतार दुप्पट-तिप्पट खडा असतो. दोघींच्या स्वभावातला बराचसा फरक या एका गोष्टीतून निघतो.

या तिरक्या शिवेचा शोध लागला तो काळ मला फार मोलाचा वाटतो. पहिलं महायुद्ध चालू होतं. नॉर्वे तटस्थ होता, पण लढणाऱ्या देशांनी हवामानाच्या तारा पाठवणं बंद केलं, कारण वाऱ्याची बातमी ही युद्धाची गुपित माहिती झाली होती. समुद्राकडून येणारी वादळं नॉर्वेला कळेनात, आणि देशात धान्याची टंचाई. १९१७मध्ये विल्हेल्म ब्यर्कनेस नावाचा शास्त्रज्ञ जर्मनीतल्या लाइपझिगहून बर्गन या नॉर्वेच्या बंदराच्या गावी आला. शेतकऱ्यांना आणि कोळ्यांना अंदाज देता यावा म्हणून त्याने पश्चिम किनाऱ्यावर निरीक्षणाची ठिकाणं कितीतरी पट वाढवली. बाहेरची बातमी येत नाही, तर आपलंच घर बारकाईने बघू, असं ते काम होतं. आणि ठिकाणं दाट झाली तेव्हा नकाशावर आजवर न दिसलेली गोष्ट दिसली: वादळात वारा आणि तापमान सगळीकडे सारखं बदलत नाही, ठरावीक रेषांवर एकदम बदलतं. विल्हेल्मचा मुलगा याकोब तेव्हा विशीत होता. १९१९मध्ये त्याने काही पानांचा एक निबंध लिहून वादळाची ही रचना मांडली. युद्ध नुकतंच संपलेलं, वर्तमानपत्रं आघाड्यांच्या बातम्यांनी भरलेली. दोन वायुराशी सैन्यांसारख्या समोरासमोर ठाकतात म्हणून त्या रेषेला नाव मिळालं आघाडी. मराठीतही हा शब्द थेट रणांगणावरूनच आला आहे.

हाच याकोब पुढे अमेरिकेत गेला आणि १९६९मध्ये त्याने एल निनोच्या वेळी तापणारा प्रशांत महासागर आणि वरचे वारे यांचा संबंध जोडून दाखवला. त्या वाऱ्यांच्या चक्राला त्याने गिल्बर्ट वॉकर यांचं नाव दिलं. वॉकर १९०४ ते १९२४ भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख होते, तेव्हा मुख्यालय सिमल्याला होतं. पुण्यातल्या हवामान खात्याच्या ‘सिमला ऑफिस’ या नावात ती आठवण उरली आहे. एल निनोमुळे पाऊस ओढ देणार का, अशी चर्चा आज गावच्या पारावर होते, तिच्यामागे हाही धागा आहे.

आता या आघाड्या येतात तेव्हा काय होतं ते. उष्ण आघाडी आधी घेतो, कारण ती वर्दी देऊन येते. उबदार हवा थंड पाचरीच्या पसरट उतारावरून सावकाश वर सरकते. सर्वात उंच टोक सर्वात पुढे असतं, म्हणून पाऊस यायच्या कधी एक दिवस आधी आभाळात पिंजलेल्या कापसासारखे बारीक, उंच ढग दिसतात. त्यांना सिरस म्हणतात. ते पाण्याचे नसून बर्फाच्या कणांचे असतात. मग पातळ पांढरा पडदा पसरतो आणि सूर्याला किंवा चंद्राला खळं पडतं. खळं पडलं की पाऊस येतो असं आपल्याकडे जुनी माणसं म्हणतात. मध्य अक्षवृत्तांवरच्या देशांत या समजुतीला भक्कम आधार आहे: ते खळं म्हणजे बर्फाच्या कणांतून वळलेला प्रकाश, आणि तो पडदा म्हणजे सरकत येणाऱ्या आघाडीचं वरचं टोक. पुढे ढग खाली उतरत जातात, सूर्य दुधी काचेआडून दिसावा तसा दिसतो, मग तोही जातो आणि भीज पाऊस सुरू होतो. गडगडाट क्वचितच. तासन् तास नुसती रिपरिप. आघाडी निघून गेली की हवा उबदार आणि दमट.

हिवाळ्यात हाच उतार घातक ठरतो. वरच्या उबदार थरातून पडताना बर्फ वितळून पाणी होतं, पण खाली थंड पाचर बसलेली असते. तिच्यातून येताना थेंब शून्याखाली जातो, तरी गोठत नाही. गोठतो तो तार, फांदी, रस्ता यांना टेकताक्षणी. ५ ते १० जानेवारी १९९८ या दिवसांत कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या परिसरात असा पाऊस पडत राहिला. विजेच्या तारांवर आणि मनोऱ्यांवर बर्फाचा इतका भार साचला की लोखंडी मनोरे वाकून आडवे झाले आणि ऐन थंडीत लाखो लोक अंधारात राहिले. पडत होता तो पाऊसच.

शीत आघाडी वर्दी देत नाही. जड हवा खड्या कडेने पुढे घुसते, समोरची उबदार हवा भराभर वर फेकली जाते, कोबीच्या गड्ड्यासारखे उंच ढग उभे राहतात आणि विजा, वादळ, कधी गारा असा अरुंद पट्टा सपाटून कोसळून तासा-दोन तासांत निघून जातो. मागे लख्ख आभाळ आणि बोचरी हवा. उत्तर गोलार्धात ती जाताना नैर्ऋत्येचा वारा वायव्येचा होतो. दाब घसरत घसरत येतो आणि आघाडी गेली की उसळी घेतो. बॅरोमीटरच्या आलेखातला तो खळगा इतका स्पष्ट असतो की आघाडी किती वाजता गेली ते कागदावरून वाचता येतं.

किती फरक पडू शकतो? ११ नोव्हेंबर १९११. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत त्या दिवशी पारा २८ अंशांवर गेला होता. लोक सुती कपड्यांत फिरत होते. मध्यरात्रीपर्यंत तो उणे ८ अंशांवर आला. त्या तारखेचा उच्चांक आणि नीचांक एकाच दिवशी नोंदला गेला. महाबळेश्वर असो की निफाड, आपल्याकडे चोवीस तासांत ३६ अंशांची घसरण कुणी पाहिलेली नाही.

माझी भाची मेलबर्नला राहते. पहिल्या उन्हाळ्यात तिने फोन केला होता: “मामा, दुपारी चाळीस होतं, दार उघडायची सोय नव्हती. आता संध्याकाळी स्वेटर घातलाय. पंधरा मिनिटांत झालं हे.” तिकडे त्याला ‘कूल चेंज’ म्हणतात आणि लोक घड्याळाकडे बघत त्याची वाट पाहतात. पण हाच बदल जीवही घेतो. ७ फेब्रुवारी २००९ला मेलबर्नचं तापमान ४६.४ अंशांवर गेलं. वाळवंटाकडून वायव्येचा तप्त वारा सुटला होता आणि रानात वणवे पेटले होते. असा वणवा वाऱ्याच्या दिशेने लांब, अरुंद जिभेसारखा पळतो. तोंड लहान, बाजू लांब. संध्याकाळी शीत आघाडी आली आणि वारा एकदम नैर्ऋत्येचा झाला. त्याबरोबर वणव्याची ती लांबच लांब बाजूच तोंड बनली आणि कित्येक किलोमीटर रुंद आग नव्या दिशेने सुटली. त्या दिवशीच्या वणव्यांत १७३ माणसं मेली. गार वारा आला म्हणजे सुटका झाली असं वाटावं, नेमक्या त्याच घटकेला तिथे धोका सर्वात मोठा असतो. म्हणून तिकडच्या अग्निशमन दलासाठी आघाडी किती वाजता पोचणार हा अंदाज तापमानाच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा असतो.

शीत आघाडी उष्ण आघाडीपेक्षा वेगाने चालते. एकाच वादळात दोन्ही असतात तेव्हा मागची पुढचीला गाठते, मधली उबदार हवा जमिनीपासून सुटून वर उचलली जाते आणि दोन्ही बाजूंची थंड हवा खाली एकमेकींना भिडते. याला ऑक्लूजन म्हणतात. जड हवा खाली बसली, हलकी वर गेली की वादळाचं इंधन संपतं आणि ते एक-दोन दिवसांत विरून जातं.

आणि शीव चाललीच नाही तर? दोन्ही बाजूंचा जोर सारखा असला की आघाडी एका जागी खिळते. पूर्व आशियात दर जून-जुलैत हे होतं. चीनमध्ये त्या पावसाला मेइयु म्हणतात, जपानमध्ये बाइउ. दोन्हीकडे अक्षरं तीच आणि अर्थही एकच, आलुबुखाराचा पाऊस, कारण ती फळं तेव्हा पिकतात. हा पट्टा एकाच खोऱ्यावर ठाण मांडून बसला की पुराला पर्याय नसतो. जुलै २०२०मध्ये जपानच्या क्युशू बेटावर कुमा नदीला असाच पूर आला.

इथे एक गल्लत दूर करायला हवी. जपानचा पावसाळा आघाडीवर येतो, आपला मान्सून तसा येत नाही. जून महिन्यात वर्तमानपत्रात मान्सूनची जी हिरवी-निळी रेघ रोज वर सरकताना दिसते, ती आघाडी नव्हे; पाऊस कुठवर पोचला याची ती खूण असते. तिच्या अलीकडे-पलीकडे दोन विरुद्ध तापमानाच्या वायुराशी झुंजत नसतात. उष्ण कटिबंधात शेजारच्या हवांमध्ये तेवढा तापमानाचा फरकच नसतो, आणि पाचर तिरकी धरून ठेवणारा परिवलनाचा परिणामही विषुववृत्ताकडे क्षीण होत जातो. अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांनाही आघाड्या नसतात. ती समुद्राच्या उष्णतेवर जगतात, दोन हवांच्या वजनातल्या फरकावर नाही.

मग आघाड्यांशी आपला काहीच संबंध नाही? आहे, हिवाळ्यात. भूमध्य समुद्राच्या बाजूला तयार झालेली वादळं पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान ओलांडत हिमालयाकडे येतात. त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात, कुणी पश्चिमी चक्रावात. हिवाळ्यात महिन्याला चार-सहा तरी येतात. वाटेत झाग्रोस, हिंदुकुश अशा डोंगररांगा लागतात, त्यामुळे जमिनीलगतची आघाडी फाटून अंधूक होते. वरच्या थरातली थंड हवेची द्रोणी, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, मात्र शाबूत राहते. काश्मीरचं हिम, पंजाबातल्या गव्हाचा पाऊस यातूनच येतो. ती द्रोणी कधी फार दक्षिणेला उतरली आणि त्याच वेळी समुद्राकडून दमट वारे महाराष्ट्रावर आले, की इथे मावठा पडतो. गारपिटीच्या बातमीत ‘उष्ण आणि थंड वाऱ्यांची टक्कर’ असं छापून येतं, ते अगदीच चूक नाही, पण त्यातून चित्र चुकीचं उभं राहतं. इथे दोन हवा सहसा शेजारी शेजारी नसतात, एकीवर एक असतात: खाली दमट आणि उबदार, पाच-सहा किलोमीटरवर कडाक्याची थंड. खालची वर उसळते आणि गारा बनतात. फेब्रुवारी-मार्च २०१४ची गारपीट ज्यांनी सोसली, त्या शेतकऱ्यांना तुटलेले घड आणि आडवा झालेला हरभरा अजून विसरता आलेला नाही.

विक्षोभ पूर्वेला सरकला की त्याच्या पाठीमागची थंड, कोरडी हवा उत्तर भारत ओलांडून खाली घसरते. आभाळ स्वच्छ होतं, वारा उत्तरेचा होतो आणि एक-दोन दिवसांत जळगाव, नाशिक गारठतं. निफाडजवळ कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच अंशांच्या खाली गेला की दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत फोटो असतो. द्राक्षबागाईतदारांची झोप त्याआधीच उडालेली असते, कारण साखर भरत आलेले मणी अशा थंडीत तडकतात. पहाटे तीन-चारला बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटतात, धूर ओळींमधून पसरतो. अशा निवांत रात्री वारा पडलेला असतो आणि जड हवा पाण्यासारखी उताराने खोलगट जागेकडे वाहत जाते. बागेत दोन तापमापक लावून बघा, एक वरच्या बांधाला, एक ओढ्याकडच्या ओळीत. ओढ्याकडचा खाली असेल, आणि मणी आधी तिथलेच तडकतील.